इनव्हरकार्गिलचा म्हातारा आणि वाड्यातली बंद गाडी

तुमच्या गावाकडच्या घरी एक गाडी असेलच. कडब्याच्या गंजीला टेकून उभी. टाकीचा रंग उडालेला, सीटमधून काथ्या बाहेर आलेला, हँडलला कुणीतरी शेळीचं दावं बांधून ठेवलेलं. आजोबांची राजदूत, नाहीतर काकांची येझदी. तुळजापूरच्या यात्रेला तीन-तीन माणसं बसून गेलेल्या त्या गाडीला आता दर दिवाळीत कुणीतरी भंगारवाल्याकडे द्यायचा विषय काढतं. आजी नको म्हणते, म्हणून ती अजून उभी आहे. तुम्ही मात्र फोनवर जुन्या गाड्यांचे व्हिडिओ बघता आणि मनातल्या मनात तिला नवा हँडलबार लावून मोकळे होता.

तिला हात लावायच्या आधी, किंवा विकायच्या आधी, एका माणसाची गोष्ट वाचा. या माणसाने एकच जुनी गाडी आयुष्यभर खोलली, जोडली, मोडली आणि पुन्हा जोडली. त्याचं नाव बर्ट मन्रो. नाव ओळखीचं वाटत असेल तर 2005 मध्ये आलेल्या ‘द वर्ल्ड्स फास्टेस्ट इंडियन’ या सिनेमामुळे. त्यात अँथनी हॉपकिन्सने त्याची भूमिका केली होती. पण खरा माणूस सिनेमापेक्षा जास्त हट्टी होता.

शेतकऱ्याचं पोरगं

मन्रोचा जन्म 25 मार्च 1899 चा, न्यूझीलंडच्या अगदी दक्षिण टोकाकडचा. इनव्हरकार्गिल हे तिथलं मोठं गाव, आणि जवळच्या एडनडेलला त्याच्या घरची शेती. जुळ्या भावंडांपैकी तो एक. बहीण जन्मतःच गेली, आणि हेही पोरगं फार दिवस काढणार नाही असं डॉक्टरांनी घरच्यांना सांगितलं होतं. पोरगं जगलं. शेतातल्या घोड्यांवर बसून वेगाने पळवायचं आणि घरच्यांचे बोल खायचे, असं त्याचं लहानपण गेलं. शेतात राबणाऱ्या घरात पोराला वेगाचा नाद लागला की काय होतं, हे आपल्याकडे कुणाला वेगळं सांगायला नको.

पहिलं महायुद्ध संपलं आणि 1920 मध्ये त्याने एक नवी कोरी मोटारसायकल घेतली. इंडियन स्काउट. नावावरून गैरसमज नको, हिचा आपल्या देशाशी काही संबंध नाही. ही कंपनी अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डची, आणि नाव तिथल्या मूलनिवासी लोकांवरून घेतलेलं. दोन सिलिंडरचं साधारण 600 सीसीचं इंजिन, आणि सगळ्यात जास्त वेग ताशी 89 किलोमीटर. आज तुमच्या कॉलेजच्या पार्किंगमधली कुठलीही साधी गाडी तेवढी पळते. 1920 च्या मानाने मात्र ती जोरातली गाडी होती. इतरांना पुरली असती. बर्टला पुरली नाही. 1926 पासून त्याने तिच्यात बदल करायला सुरुवात केली, आणि ते काम पुढे जवळजवळ पन्नास वर्षं संपलंच नाही.

स्पेअर पार्ट नाही? मग बनव

आपण जुनी गाडी काढली की पहिली अडचण काय येते? पार्ट मिळत नाही. सोलापूरला विचारा, पुण्याला विचारा, सगळीकडून एकच उत्तर. बर्टची अडचण तीच होती, फक्त त्याहून वाईट. त्याचा देश जगाच्या एका कोपऱ्यात, गाडी परदेशी आणि खिसा रिकामा. त्यात 1953 मध्ये इंडियन कंपनीने मोटारसायकली बनवणंच थांबवलं. आता कंपनीकडे मागायचीही सोय उरली नाही.

मग त्याने पार्ट स्वतः घडवले. जुन्या डब्यांचे साचे करून त्यात वितळलेला धातू ओतायचा आणि पिस्टन तयार करायचे. सिलिंडरचे बॅरल घरी, फ्लायव्हील घरी. कनेक्टिंग रॉड तर कडक पोलादातून हाताने कोरून काढायचे. मापं घ्यायला मायक्रोमीटर परवडत नव्हता, तर चाकाच्या जुन्या स्पोकपासून त्याने मापाचं हत्यार बनवलं. इंजिनात त्याने नुसती किरकोळ दुरुस्ती केली नाही. मूळ इंजिनात व्हॉल्व्ह बाजूला होते, ते त्याने वर हेडमध्ये नेले. वर असलेल्या व्हॉल्व्हमुळे पेट्रोल आणि हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये सरळ शिरतं, जास्त भरतं आणि ताकद वाढते. आज हे तुमच्या ऑटोमोबाइलच्या पुस्तकात आहे. त्याने ते शेडमध्ये बसून, कानाने आणि हाताने शोधलं. शेवटी शेवटी ते 600 सीसीचं इंजिन 950 सीसीचं झालं होतं.

यातले बरेच पार्ट फुटले. पिस्टनला भोक पडलं, रॉड वाकला, इंजिनाचे तुकडे झाले. ते तुकडे त्याने फेकले नाहीत, शेडमधल्या फळीवर ओळीने मांडले, आणि हा सगळा वेगाच्या देवाला दाखवलेला नैवेद्य आहे अशा अर्थाची पाटी तिथे लावली. गंमत वाटते, पण त्या फळीचा उपयोग होता. कुठला पार्ट कुठे आणि कसा तुटला हे समोर दिसलं की पुढचा पार्ट त्या जागी जाड करता येतो. तुम्ही प्रॅक्टिकलचं जर्नल लिहिता ना, तसं त्याचं जर्नल लोखंडाचं होतं.

जे सिनेमात फारसं नाही

आता थोडं कडू. ही गोष्ट इथेच थांबवली तर ती स्टेटसला टाकायच्या लायकीची होईल, पण अर्धी राहील.

बर्टला बायको होती आणि चार मुलं होती. लग्न 1927 चं. त्यानंतर लगेच जागतिक मंदी आली आणि घर चालवायला तो मोटारसायकली विकायचं आणि दुरुस्त करायचं काम करू लागला. दिवसभर दुसऱ्यांच्या गाड्या, रात्रभर स्वतःची. 1936 मध्ये वेलोसेट नावाची दुसरी गाडी आली आणि रात्री आणखी लांबल्या. 1947 मध्ये घटस्फोट झाला. पुढे त्याने नोकरी सोडली आणि गाड्या ठेवायच्या शेडमध्येच राहायला गेला. झोपायचं तिथेच, काम तिथेच.

हे मुद्दाम सांगतोय. आपल्याकडे नादी माणसाचं कौतुक करताना त्या नादाची किंमत कुणी मोजली ते कुणी विचारत नाही. बर्टने स्वतःच्या झोपेने आणि पैशाने मोजली, आणि त्याच्या घरच्यांनीही मोजली. तुम्ही सहामाहीची फी गाडीच्या कामात घालायचा विचार करत असाल तर हा परिच्छेद पुन्हा वाचा.

मिठाचं मैदान

अमेरिकेच्या युटा राज्यात बॉनव्हिल नावाचं मिठाचं पांढरंशुभ्र सपाट मैदान आहे. जगातले वेगाचे वेडे तिथे जमतात. बर्ट आधी 1957 मध्ये नुसतं बघायला गेला. त्याच सुमाराला एका अमेरिकी मासिकाने त्याच्या नावाचं स्पेलिंग चुकवलं, आणि त्याने चूक दुरुस्त करायच्या ऐवजी तेच स्पेलिंग कायमचं घेतलं. असा माणूस.

पुढे तो स्काउट घेऊन गेला. 1962 मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, त्याने 883 सीसीच्या गटात ताशी 288 किलोमीटरचा विक्रम केला. गाडी तेव्हा बेचाळीस वर्षांची होती आणि तिची कंपनी बंद पडून नऊ वर्षं झाली होती. 1966 मध्ये 1000 सीसीच्या गटात दुसरा विक्रम झाला. 1967 मध्ये तिसरा, ताशी सुमारे 295 किलोमीटर. तेव्हा तो अडुसष्ट वर्षांचा होता, गाडी सत्तेचाळीस. त्याला छातीत कळ येण्याचा, म्हणजे अंजायनाचा त्रास त्याआधीच सुरू झाला होता.

तुळजापूर ते सोलापूर अंतर सुमारे 45 किलोमीटर. त्या वेगाने ते नऊ-दहा मिनिटांत संपेल. पण ते मोकळं, बंदोबस्तातलं, सरळ मिठाचं मैदान होतं. आपला हायवे नव्हे, जिथे उसाची ट्रॉली, म्हैस आणि उलट्या बाजूने येणारा टेम्पो एकाच वेळी भेटतात. मैदानावरही मरण जवळून गेलंच. 1967 च्या एका धावेत गाडी निम्म्यावर लटपटू लागली. वेग कमी करायला तो उठून बसला तर वाऱ्याने गॉगल उडवून नेला, डोळ्यांना काही दिसेना, आणि खुणेचा लोखंडी खांब काही इंचांनी चुकला. शेवटी त्याने गाडी आडवी पाडली. खरचटण्यावर निभावलं.

1977 मध्ये त्याला पक्षाघाताचा झटका आला. हात पूर्वीसारखे चालेनात. तेव्हा त्याने दोन्ही गाड्या गावातल्याच एका व्यापाऱ्याला विकल्या, कारण त्या आपल्या भागातून बाहेर जाऊ नयेत असं त्याला वाटत होतं. 6 जानेवारी 1978 ला तो गेला. इनव्हरकार्गिलमधल्या हार्डवेअरच्या दुकानात त्याची गाडी बघायला आजही लोक जातात.

आणि एक शेवटचा हिशेब राहिला होता. 1967 च्या विक्रमाची सरासरी काढताना चूक झाली होती, ती पुढे त्याच्या मुलाच्या लक्षात आली. 2014 मध्ये, बर्ट जाऊन छत्तीस वर्षं झाल्यावर, विक्रम दुरुस्त होऊन ताशी 296.259 किलोमीटर झाला. ज्या घराने त्या शेडपायी सोसलं, त्याच घरातल्या मुलाने बापाचा आकडा तपासला. मला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

आता तुमच्या गाडीकडे या

विक्रम करायचा नाहीये. गाडी एकदा सुरू व्हावी, एवढंच आहे. मग दावं सोडा आणि असं करा.

आधी किक मारू नका. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटतात. जोर लावला की रिंग तुटते, बोअरला ओरखडे पडतात. प्लग काढा, त्या भोकातून थोडं ऑइल सोडा, दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळूहळू पुढे-मागे हलवा. पिस्टन सुटला तर निम्मी लढाई जिंकलात.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाका, ते आता कामाचं नाही. आतला गंज साफ केल्याशिवाय नवं भरू नका, नाहीतर तो गंज कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसेल. कार्बोरेटर खोलून जेट धुवा. पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासा, नवा प्लग लावा, ठिणगी बघा. राजदूत, येझदी या टू-स्ट्रोक गाड्या आहेत, त्यांच्या पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. हे विसरलात तर दहा मिनिटांत इंजिन जाम. ब्रेक आणि टायर तपासल्याशिवाय गल्लीच्या बाहेर जायचं नाही. आणि गावातल्या जुन्या मिस्त्रीला बोलवा. ज्याने ही गाडी तिच्या उमेदीत खोलली होती, त्याच्या बोटांना जे ठाऊक आहे ते व्हिडिओत नाही.

कागद बघा. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. आरसी आजोबांच्या नावावर असेल आणि आजोबा नसतील तर वारसाच्या नावावर करून घ्या. चेसिस कापायची, इंजिन बदलायचं असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे ते मनाने करता येत नाही, आरटीओत आधी विचारा. गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ रूपात असेल तर 2021 च्या नियमांप्रमाणे तिला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळू शकते. मात्र अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, आणि चेसिस किंवा इंजिनात मोठे फेरफार केले तर ती व्हिंटेज राहत नाही. म्हणजे कस्टम करायची की जपायची, हे ग्राइंडर चालू करायच्या आधी ठरवा.

आणि हो, तुटलेले पार्ट फेकू नका. वाड्यात एखादी फळी रिकामी असेलच. आजीला मात्र आधी विचारा, कारण गाडी अजून उभी आहे ती तिच्यामुळे. ती पहिल्यांदा कुठे जाऊन आली होती, हेही तिलाच ठाऊक असेल.