सावेदादा : घडत्या प्रसंगासमोर उभा राहिलेला कॅमेरा

तेलीबांधा (रायपूर) : तेलीबांधा तलावाकाठी सायंकाळी फिरावयास येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हाती आज कॅमेरा असतो. एखादे मूल धावत सुटते, कुणी गाणे म्हणू लागते, आणि क्षणभरात चार-दोन फोन वर उचलले जातात. टिपलेले दृश्य तिथल्या तिथे पाहता येते, पसंत न पडल्यास पुसूनही टाकता येते. विसाव्या शतकाच्या आरंभी याच तेलीबांध्यावरून रायपूर ते धमतरी अशी अरुंद मापाची आगगाडी धावू लागली. त्या सुमारास घडणारा प्रसंग हलत्या चित्रात पकडण्याचा उद्योग करणारी माणसे साऱ्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. त्यांतील एक नाव मुंबईच्या मराठी छायाचित्रकाराचे : हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर. लोक त्यांना सावेदादा म्हणून ओळखत.

चित्रपटाच्या इतिहासग्रंथांत सावेदादांचा उल्लेख बहुधा दादासाहेब फाळके यांच्या प्रकरणाआधी, एखाद्या परिच्छेदापुरता येतो. प्रमुख पाहुणे येण्यापूर्वी सतरंजी अंथरणाऱ्या माणसाकडे पाहावे तसा. हा क्रम कालानुरूप बरोबर असला तरी न्याय्य नाही. फाळके यांनी पडद्यावर कथा आणली. सावेदादांनी कथा रचली नाही, नटांना मुखवटे चढविले नाहीत, पुराणांकडे पाहिले नाही. आपल्या शहरात जे घडत होते त्यासमोर त्यांनी कॅमेरा नेऊन ठेवला. हे काम वेगळे होते, त्याच्या अडचणी वेगळ्या होत्या आणि त्याचे मोलही वेगळ्या मापाने करावे लागते.

सावेदादांचा जन्म १८६८ मध्ये झाला. त्यांची हयात मुंबईत गेली. छायाचित्रण हा त्यांचा पेशा, आणि त्यास लागणाऱ्या सामग्रीची विक्री हा जोडव्यवसाय. ते या धंद्यात उतरले तो काळ छायाचित्रणाच्या दृष्टीने मोठ्या स्थित्यंतराचा होता. त्याआधीच्या पिढीतील छायाचित्रकारास काचेच्या प्लेटवर रसायनाचा ओला लेप द्यावा लागे आणि तो वाळण्यापूर्वीच चित्र घेऊन प्लेट धुवावी लागे. जिथे जाल तिथे अंधारखोलीचा तंबू सोबत. प्रकाशनही काही सेकंद चाले, म्हणून चित्र काढवून घेणारा माणूस खुर्चीत ताठ बसे, कित्येकदा मानेमागे लोखंडी टेकू लावून. जुन्या छायाचित्रांतील आपले पूर्वज इतके गंभीर का दिसतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी त्या टेकूत आहे. १८८०च्या दशकात तयार कोरड्या प्लेट सर्वत्र मिळू लागल्या, प्रकाशनाचा काळ सेकंदाच्या अंशावर आला, आणि माणसाचा बेसावध क्षण पकडणे प्रथमच शक्य झाले. पुढची पायरी चित्र हलण्याचीच होती.

ती मुंबईत उतरली ७ जुलै १८९६ रोजी. काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफचा पहिला खेळ झाला. प्रवेशमूल्य एक रुपया होते. प्रेक्षकांनी पाहिले ते फलाटावर येणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, समुद्रात डुंबणारी माणसे. या चित्रांत कथानक नव्हते. जे समोर घडत होते तेवढेच होते. पुढे हेच खेळ नॉव्हेल्टी नाट्यगृहात अनेक दिवस चालले. ल्युमिएरचे खेळ पाहणाऱ्यांत सावेदादाही होते. इतरांनी पडदा पाहिला; छायाचित्रणाचा व्यवसाय करणाऱ्या या तिशीच्या आतल्या माणसाचे लक्ष यंत्राकडे गेले. त्यांनी विलायतेहून रायली बनावटीचा कॅमेरा मागविला. किंमत २१ गिनी, म्हणजे त्या वेळच्या विनिमयदराने सुमारे ३३० रुपये. लहानशा व्यावसायिकास ही रक्कम जड होती, आणि ती ज्या वस्तूवर खर्च होत होती तिच्यापासून उत्पन्न कसे मिळवायचे याचा धडा देशात कोणाकडेच नव्हता.

शहराची अवस्थाही सुखाची नव्हती. ल्युमिएरचे खेळ झाले त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग शिरला. पुढची काही वर्षे लोक शहर सोडून जात राहिले. १८९७ मध्ये पुण्यात चापेकर बंधूंनी रँडचा वध केला आणि त्याच वर्षी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून शिक्षा झाली. सावेदादांनी आपले पहिले चित्रण केले ते या पार्श्वभूमीवर, १८९९ मध्ये. विषय होता कुस्तीचा. मलबार टेकडीवरील हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी या दोन मल्लांची लढत त्यांनी टिपली. दुसरे चित्रण माकड खेळविणाऱ्याचे. चित्रित फिल्म धुण्याची सोय येथे नसल्याने ती बोटीने इंग्लंडला पाठविली गेली. जाण्यायेण्यात आठवड्यांमागून आठवडे जात. आपण काय टिपले, मुळात काही टिपले गेले की नाही, हे तोवर चित्रकारासच ठाऊक नसे.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. ही कुस्ती कॅमेऱ्यासाठी ठरवून लावलेली होती. आखाड्यातील भर गर्दीची ती कुस्ती नव्हे. तसे करण्यामागची कारणे यंत्रातच होती. कॅमेरा तिवईवर पक्का बसविलेला. तो सहज फिरविता येत नसे, भिंग पुढेमागे करून दृश्य जवळ आणता येत नसे. मल्ल चौकटीबाहेर गेले की खेळ संपला. फिल्मची संवेदनशीलता कमी, म्हणून उघड्या मैदानावर लख्ख ऊन हवे. त्या काळच्या कॅमेऱ्यांत फिल्म मावे ती साधारण पन्नास ते पंचाहत्तर फूट. सेकंदाला सोळा चित्रे या वेगाने हँडल फिरविले तर एक फूट फिल्म एका सेकंदात सरते. म्हणजे सारा कारभार मिनिट-सव्वा मिनिटाचा. हँडलही हातानेच, सेकंदाला दोन फेरे या ठेक्यात फिरवायचे. हात मंदावला तर पडद्यावर माणसे धावू लागत, हात घाईला आला तर ती संथ होत. दोन ओळखीचे मल्ल, मोकळी बाग आणि हाती असलेला सूर्यप्रकाश ही निवड नवशिक्याची नव्हे, हिशेबी माणसाची होती. कलकत्त्यात हिरालाल सेन याच सुमारास रंगभूमीवरील नाट्यदृश्ये चित्रित करीत होते. तेथेही प्रसंग आधीच बसविलेला असे.

सावेदादांनी ही सोय सोडली ती १९०१ मध्ये, आणि त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाचा टप्पा हाच म्हणावा लागेल. रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डी गावचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांनी १८९९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर हा सर्वोच्च मान मिळविला होता. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. राज्यकर्त्यांच्या विद्यापीठात, राज्यकर्त्यांच्या मुलांना मागे टाकून कोकणातला तरुण पहिला आला, ही बातमी राजद्रोहाचे खटले आणि प्लेग यांनी गांजलेल्या महाराष्ट्राला केवढा दिलासा देऊन गेली असेल याची कल्पना आज करणे अवघड आहे. डिसेंबर १९०१ मध्ये परांजपे स्वदेशी परतले तेव्हा मुंबईत चौपाटीवर त्यांचे जाहीर स्वागत झाले. गर्दी लोटली. त्या गर्दीसमोर सावेदादांचा कॅमेरा होता.

रँग्लर परांजपे यांना पुन्हा एकदा उतरून या, असे सांगता येणार नव्हते. लोकांना बाजूला व्हा म्हणण्याचा अधिकार नव्हता. कुस्तीत चित्रकार प्रसंगाला आपल्या चौकटीत बोलावतो. येथे चौकट घेऊन प्रसंगाकडे जावे लागते आणि तो कोठून येईल याचा अंदाज बांधावा लागतो. पाहुणा कोणत्या बाजूने पुढे येईल, त्या वेळी सूर्य कोठे असेल, तिवई रोवल्यावर समोर कोणाची पाठ आडवी येईल, हे आधी ठरले पाहिजे. आणि सर्वांत कठीण प्रश्न, हँडल केव्हा फिरवू लागायचे? लवकर सुरुवात केली तर माणूस समोर येण्यापूर्वी फिल्म सरणार, उशीर झाला तर तो निघून जाणार. मिनिटभराच्या पुंजीवर घ्यावयाचा हा निर्णय आजच्या वृत्तछायाचित्रकारासही ओळखीचा वाटेल, फक्त त्याच्याजवळ दुसरी संधी असते. या चित्रणास भारतातील पहिला वृत्तपट म्हटले जाते ते याच अर्थाने योग्य आहे.

त्याच वर्षी त्यांनी सर मंचरजी भावनगरी यांच्या मुंबईतील आगमनाचेही चित्रण केले. दादाभाई नौरोजींनंतर ब्रिटिश पार्लमेंटात निवडून गेलेले हे दुसरे भारतीय; पण ते हुजूर पक्षाचे, इंग्रजी राज्याचे उघड पाठीराखे, आणि म्हणून राष्ट्रीय वृत्तीच्या मंडळींना नकोसे. रँग्लर आणि भावनगरी, दोघांच्याही स्वागताला एकच कॅमेरा उभा राहिला. त्यात सावेदादांचे राजकारण शोधणे व्यर्थ होय. शहरात जे घडले, ते टिपले. पारशी समाजाच्या अताश बेहराम या पवित्र अग्निमंदिरावरील त्यांचे चित्रणही १९०१चेच. कुस्ती, माकडवाला, अग्निमंदिर, विद्वान, पुढारी : ही यादी एकत्र वाचली की तत्कालीन मुंबईचा एक उभा छेदच हाती येतो. परदेशी कंपन्यांच्या फिल्ममध्ये भारत दिसे तो हत्ती, घाट आणि दरबार यांचा. सावेदादांच्या फिल्ममध्ये मुंबईकर दिसले. त्यांचे खेळ उघड्यावरही होत, आणि परदेशी चित्रांच्या जोडीला तेथे जमलेल्या प्रेक्षकांना आपल्याच गावचे उद्यान, आपलेच मल्ल दिसत.

१९०३ मधील दिल्ली दरबार हे त्यांचे मोठे काम. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन याने भरविलेला हा सोहळा १ जानेवारी रोजी झाला. राजा स्वतः आला नाही. त्याचा भाऊ ड्यूक ऑफ कॅनॉट आला. संस्थानिकांच्या स्वाऱ्या, हत्तींची रांग, सैन्याचे संचलन असा सारा थाट होता. विलायती कंपन्यांचे कॅमेरेही तेथे पोहोचले होते. त्यांच्या पंक्तीला मुंबईचा एक मराठी छायाचित्रकार स्वतःच्या खर्चाने आणलेले यंत्र घेऊन उभा होता, एवढी नोंद पुरेशी बोलकी आहे. मात्र विषय म्हणून पाहिले तर दरबार ही पुन्हा बसविलेलीच घटना. फरक इतकाच, की या वेळी ती कॅमेऱ्याने नव्हे, सरकारने बसविली होती. चौपाटीवरील मिनिटभराची सर तिला नाही.

त्यानंतर सावेदादा चित्रणापासून दूर होत गेले. बोरीबंदर स्थानकासमोरील गेइटी नाट्यगृहाचे व्यवस्थापन त्यांनी पाहिले; हेच पुढे कॅपिटॉल चित्रपटगृह झाले. दाखविण्याच्या धंद्यात पैसा होता, टिपण्याच्या धंद्यात नव्हता. घटना शिळी झाली की तिचे चित्रण विकले जात नसे, आणि प्रती काढून गावोगावी पाठविण्याची यंत्रणा देशात अजून उभी राहावयाची होती. त्यांचा कॅमेरा करंदीकर, पाटणकर आणि दिवेकर या मंडळींकडे गेला. त्यांतील श्री. ना. पाटणकर यांनी पुढे नारायणराव पेशव्यांच्या वधावर मूकपट काढला. ३ मे १९१३ रोजी कॉरोनेशन सिनेमात फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला आणि प्रेक्षकांची ओढ कथेकडे वळली ती कायमची.

सावेदादांना दीर्घायुष्य लाभले. १९३१ मध्ये चित्रपट बोलू लागला, पुढच्याच वर्षी मराठीतला ‘अयोध्येचा राजा’ आला, हे त्यांच्या हयातीत घडले. १९४८ मध्ये केंद्र सरकारने फिल्म्स डिव्हिजन स्थापन केले आणि देशभरातील चित्रपटगृहांत मुख्य चित्रपटाआधी वृत्तचित्र दाखविणे बंधनकारक झाले. एका छायाचित्रकाराने २१ गिनींच्या यंत्रावर आरंभिलेले काम तोवर सरकारी खाते बनले होते. १९५८ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर, सावेदादांचे निधन झाले.

त्यांच्या चित्रणांपैकी एकही आज पाहावयास मिळत नाही. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेई. पेटली नाही तर दमट हवेत चिकट होऊन हळूहळू भुकटी होई. जुन्या फिल्ममधील चांदी काढून घेण्यासाठी ती विकण्याचीही रीत होती. हिरालाल सेन यांच्या फिल्म १९१७ मध्ये आगीत गेल्या, त्याची निदान हकिगत तरी उरली आहे. सावेदादांच्या फिल्मला तीही नाही. वृत्तपत्र जपून ठेवावे हे समाजाला कळत होते, हलत्या चित्राचा तुकडा हाही दस्तऐवज आहे हे उमगावयास पुष्कळ काळ जावा लागला. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले ते १९६४ मध्ये, सावेदादांच्या मृत्यूनंतर सहा वर्षांनी.

ते संग्रहालय पुण्यात, ज्या फर्ग्युसन महाविद्यालयात रँग्लर परांजपे यांनी गणित शिकविले आणि प्राचार्यपद भूषविले त्यापासून फार दूर नाही. परांजपे १९६६ पर्यंत हयात होते. चौपाटीवरील त्या चित्रणातला माणूस नव्वद वर्षांचा झाला होता. चित्रण संग्रहालयात नव्हते.