नाव सांगायला कुणी उरलंच नाही

ऑगस्ट १९११. कॅलिफोर्नियातल्या ऑरोव्हिल गावाच्या कत्तलखान्यापाशी पन्नाशीचा एक उपाशी माणूस सापडला. शेरिफनं त्याला कोठडीत ठेवलं, पण त्याचं बोलणं कुणालाच कळेना. मग मानववंशशास्त्रज्ञ वॉटरमन याना भाषेतल्या शब्दांची यादी घेऊन आले. एकेक शब्द वाचत गेले, समोरचा ढिम्म! शेवटी खाटेच्या लाकडाचा, पाइनचा शब्द आला आणि त्याचा चेहरा खुलला.

तो याही जमातीचा. गोऱ्या वसाहतवाल्यांनी कत्तली करून ही जमात संपवलेली. उरलेले डोंगरात लपून राहिले आणि तिथेच गेले. याहींमध्ये स्वतःचं नाव स्वतः सांगत नसत, आपल्यातल्या कुणीतरी ओळख करून द्यावी लागे. त्याच्यासाठी ते करणारं कुणी नव्हतं. म्हणून प्रा. क्रोबर यांनी त्याला ‘इशी’ म्हटलं. याना भाषेत इशी म्हणजे माणूस. बस्स, इतकंच.

पुढे मुक्काम सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात. (राहायला दिलेली ही जागा जरा खटकतेच.) तिथे त्यानं मेणाच्या नळकांड्यांवर गोष्टी आणि गाणी रेकॉर्ड केली. १९१५च्या उन्हाळ्यात भाषाशास्त्रज्ञ एडवर्ड सपीर त्याच्यासोबत बसून भाषा टिपत राहिले, इशी तेव्हा आजारी होता. २५ मार्च १९१६ला क्षयानं तो गेला. त्याचा मेंदू मात्र काढून स्मिथसोनियन संस्थेकडे पाठवला गेला. याना वंशाच्या लोकांना तो परत मिळाला २००० साली.