बेटावरची मुलं आणि त्यांचे मास्तर : विल्यम गोल्डिंग

आपल्या मॅगझिनच्या मराठी विभागात दरवर्षी शिवाजी महाराज, विवेकानंद, विश्वेश्वरय्या आणि कलाम सर यांच्यावर लेख असतातच. त्या सगळ्यांबद्दल पूर्ण आदर राखून यंदा मी एका वेगळ्या माणसाबद्दल लिहितेय. हा माणूस कित्येक वर्षं साधा शाळामास्तर होता. त्याला शिकवायचा मनापासून कंटाळा यायचा, कपड्यांकडे लक्ष नसायचं, आणि पोरांनी त्याला गबाळा अशा अर्थाचं टोपणनाव ठेवलेलं होतं. पण संकटात सापडल्यावर माणसं जगतात कशी आणि बिघडतात कशी, हे टीनएजर मुलांना त्याच्याइतकं स्पष्ट फार थोड्यांनी शिकवलं असेल. त्याचं नाव विल्यम गोल्डिंग, आणि पुस्तकाचं नाव 'लॉर्ड ऑफ द फ्लाईज'.

माझं शिक्षण सगळं कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे मी मराठी विभागात लिहिणार म्हटल्यावर रूममेटने आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं! असो. मुद्द्यावर येते.

गोल्डिंग यांचा जन्म 19 सप्टेंबर 1911 ला इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल भागात, न्यूकी या समुद्रकाठच्या गावी आजीच्या घरी झाला. लहानपण गेलं मार्लबरोला. वडील अ‍ॅलेक तिथल्या शाळेत सायन्सचे मास्तर होते. ते पक्के बुद्धिवादी होते आणि विज्ञानाने माणूस सुधारत जाणार यावर त्यांचा ठाम विश्वास होता. आईने बायकांना मताचा हक्क मिळावा म्हणून काम केलं होतं. थोडक्यात, घरात वातावरण एकदम प्रोग्रेसिव्ह. मुलाने सायन्स घ्यावं असं वडिलांना वाटत होतं (ही गोष्ट ओळखीची वाटतेय ना?). 1930 मध्ये गोल्डिंग ऑक्सफर्डच्या ब्रेझनोज कॉलेजात गेले, दोन वर्षं निमूटपणे सायन्स शिकले, आणि मग सरळ इंग्रजी साहित्याकडे वळले. आपल्याकडे सेकंड इयरनंतर असं कुणी केलं तर घरी काय होईल याची कल्पना करा. 1934 मध्ये त्यांच्या कवितांचं एक छोटं पुस्तक निघालं, पण त्याची फारशी कुणी दखल घेतली नाही.

पोटासाठी मास्तरकी सुरू झाली. 1939 मध्ये अ‍ॅन ब्रुकफील्ड यांच्याशी लग्न झालं, त्या केमिस्ट होत्या. सॉल्सबरी गावातल्या बिशप वर्ड्सवर्थ स्कूलमध्ये नोकरी लागली आणि तेवढ्यात दुसऱ्या महायुद्धाने त्यांना 1940 मध्ये नौदलात ओढलं.

इथे त्यांचं आयुष्य बदललं. काही काळ त्यांनी शस्त्रांच्या संशोधनात काम केलं, तिथे एका स्फोटात जखमीही झाले. 6 जून 1944 ला, म्हणजे डी-डेच्या दिवशी, नॉर्मंडीच्या किनाऱ्यासमोर एका रॉकेट नौकेचे ते कमांडर होते. अशा एका नौकेवर हजाराच्या आसपास रॉकेट्स असायची आणि ती थोड्या वेळात किनाऱ्यावर ओतली जायची. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हॉलंडमधल्या वाल्खरेन बेटावरच्या हल्ल्यातही ते होते. त्या लढाईत अशा मदतीच्या नौकांचं भयंकर नुकसान झालं. वडिलांचा विज्ञानावरचा आणि माणसाच्या चांगुलपणावरचा विश्वास घेऊन गेलेला मुलगा परत आला तो वेगळाच होऊन. युद्धाआधी त्यांना वाटायचं की समाजाची रचना बदलली की माणूस सुधारेल. नंतर मात्र त्यांची खात्री पटली की मधमाशी जसा मध तयार करते तसा माणूस दुष्टपणा तयार करतो. आणि यात त्यांनी स्वतःला बाजूला ठेवलं नाही. नाझींना आपण समजू शकतो, कारण आपणही स्वभावाने त्यातलेच आहोत, असं ते मानायचे.

1945 मध्ये ते सॉल्सबरीच्या शाळेत परत आले आणि 1961 पर्यंत तिथेच शिकवत राहिले. समोर रोज तीस-चाळीस मुलगे, चेहरे निरागस, पण मधल्या सुट्टीत काय चालतं ते मास्तरांना माहीत! एकदा गावाजवळच्या एका प्राचीन मातीच्या तटबंदीवर ते वर्गाची सहल घेऊन गेले. मुलांचे दोन गट केले, एकाने तट राखायचा, दुसऱ्याने हल्ला करायचा. मग मास्तर बाजूला उभे राहून बघत बसले की मोकळीक दिली तर मुलं कुठवर जातात. आजच्या काळात असं केलं तर दुसऱ्या दिवशी पालक प्रिन्सिपॉलच्या केबिनमध्ये असतील.

त्या वेळी इंग्लंडमधल्या घराघरात मुलांना बेटांच्या साहसकथा वाचून दाखवायची पद्धत होती. बॅलंटाइन या लेखकाची एकोणिसाव्या शतकातली 'द कोरल आयलंड' त्यात फार प्रसिद्ध. जहाज फुटतं, तीन इंग्रज पोरं बेटावर पोचतात, आणि शेवटपर्यंत शहाण्यासारखी वागतात. अशीच एक गोष्ट मुलांना झोपवताना वाचून झाल्यावर गोल्डिंग बायकोला म्हणाले की खरी मुलं बेटावर खरोखर कशी वागतील यावर कुणीतरी लिहायला पाहिजे. अ‍ॅन यांनी तिथल्या तिथे सांगितलं की कल्पना एक नंबर आहे, तूच लिही.

आणि त्यांनी लिहिली. शाळेच्याच वह्यांमध्ये, कित्येकदा शाळेच्याच वेळात! वर्गाला काहीतरी काम लावून द्यायचं आणि मास्तरांनी टेबलावर कादंबरी पुढे न्यायची. काही पोरांना तर पानावरचे शब्द मोजायचं काम मिळायचं. आपण कुठल्या पुस्तकाचे शब्द मोजतोय हे त्या बिचाऱ्यांना काय माहीत!

पुस्तक बऱ्याच प्रकाशकांकडून साभार परत आलं. फेबर अँड फेबरमध्येही पहिल्या वाचकाने ते रटाळ आणि निरर्थक ठरवून नाकारायचा शेरा मारला होता. पण चार्ल्स मॉन्टिथ नावाच्या नव्या तरुण संपादकाने नाकारलेल्या ढिगातून ते उचललं, वाचलं, आणि सोडलं नाही. सुरुवातीचा अणुयुद्धाचा भाग कापून घेतला, नाव बदललं, आणि 17 सप्टेंबर 1954 ला पुस्तक बाहेर आलं. तेव्हा गोल्डिंग जवळजवळ 43 वर्षांचे होते. सप्लीवाल्यांनी धीर सोडू नये!

गोष्ट थोडक्यात अशी. अणुयुद्धातून मुलांना सुरक्षित जागी नेणारं विमान पडतं, मोठं माणूस एकही वाचत नाही. राल्फ, जॅक, चष्मेवाला जाडा पिगी, शांत सायमन आणि बरीच लहान पोरं बेटावर उरतात. एक मोठा शंख सापडतो. ज्याच्या हातात शंख त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, हा पहिला नियम. डोंगरावर धुराची आग सतत पेटती ठेवायची, म्हणजे जहाजाला दिसेल, हा दुसरा. पुढे दोन्ही नियम मोडतात. जॅकला शिकारीची झिंग चढते, तोंडाला रंग फासला की त्याला लाज वाटेनाशी होते.

आम्हाला नववीत इंग्लिशच्या मिसने हे पुस्तक वेगळ्याच पद्धतीने शिकवलं. वर्गात सगळ्या मुलीच. मिसने फळ्यावर दहा वस्तू लिहिल्या आणि त्यातल्या पाचच बेटावर न्यायच्या असं सांगितलं. काडेपेटी, सुरी, दोरी, ताडपत्री... वीस मिनिटं नुसता गोंधळ. मग त्यांनी विचारलं की आग पेटली, आता रात्री दोन वाजता जागून ती सांभाळणार कोण? एकही हात वर गेला नाही. सर्व्हायव्हलचा अर्थ मला तेव्हा कळला. नंतर डस्टर हा शंख ठरला, आणि डस्टर हातात नसताना बोलणारी बाहेर.

नंतर मिसने आम्हाला बेटावर कोण कशाने मरतं ते मोजायला लावलं. बेटावर फळं आहेत, गोडं पाणी आहे, डुकरं आहेत. भुकेने एकही मूल मरत नाही! पहिला छोटा मुलगा जातो तो निष्काळजीपणे पेटवलेल्या वणव्यात. सायमनला सगळे मिळून नाचाच्या धुंदीत मारतात. पिगीवर जाणूनबुजून दगड ढकलला जातो, आणि शंखाचाही चुरा होतो. शेवटी राल्फला मारण्यासाठी जॅकची टोळी अख्खं जंगल पेटवते, आणि नेमका तोच धूर बघून युद्धनौका येते. वाचवायला आलेला अधिकारी स्वतःच एका युद्धात लढतोय, ही गोल्डिंग यांची खास कोपरखळी.

एक गंमत आपल्या लोकांसाठी. बेटावर आग पेटवतात ती पिगीच्या चष्म्याने. पण पिगीला लांबचं दिसत नाही, म्हणजे त्याचं भिंग अंतर्वक्र, ते किरण एकत्र आणत नाही तर फाकवतं. त्याने कागदसुद्धा जळणार नाही. दोन वर्षं ऑक्सफर्डला सायन्स शिकलेल्या, सायन्स मास्तरच्या मुलाने ही चूक केली! बारावीत हे लक्षात आल्यावर मला भारी आनंद झाला होता.

पुस्तक अमेरिकेत आधी चाललंच नाही. मग पेपरबॅक आलं आणि कॉलेजच्या पोरांनी ते डोक्यावर घेतलं. 1963 मध्ये पीटर ब्रुक यांनी सिनेमा केला. गोल्डिंग यांनी नोकरी सोडली, पण लिहिणं चालू राहिलं. सिव्हिलवाल्यांनी त्यांची 1964 ची 'द स्पायर' जरूर वाचावी. पाया नसलेल्या चर्चवर 400 फुटी मनोरा चढवायच्या हट्टाची ती कथा आहे. त्यांच्या शाळेशेजारच्या सॉल्सबरी कॅथेड्रलचा मनोरा 123 मीटर आणि पाया जेमतेम 4 फूट खोल, हे कळल्यावर ती अजून भिडते. पृथ्वी हीच एक सजीव व्यवस्था आहे असं मांडणारे शास्त्रज्ञ जेम्स लव्हलॉक त्यांचे शेजारी होते. त्या सिद्धांताला ग्रीक भूदेवीचं 'गाया' हे नाव गोल्डिंग यांनीच सुचवलं. 1980 मध्ये बुकर, 1983 मध्ये नोबेल, 1988 मध्ये सर ही पदवी. तरी मनातून ते घाबरट आणि अस्वस्थच राहिले, दारूनेही त्यांना बराच त्रास दिला. 19 जून 1993 ला कॉर्नवॉलमध्येच ते गेले.

पण मास्तरांचं म्हणणं पूर्ण खरं होतं का? 1965 मध्ये पॅसिफिकमधल्या टोंगा देशात एका बोर्डिंग शाळेतली सहा मुलं, म्हणजे आपल्यासारखी हॉस्टेलाइट, होडी घेऊन पळाली. वादळात सापडून 'आटा' नावाच्या निर्जन बेटाला लागली. तिथे ती पंधरा महिने राहिली. कामाच्या पाळ्या ठरवल्या, भांडण झालं तर दोघांनी बेटाच्या दोन टोकांना जाऊन शांत व्हायचं असा नियम केला, एकाचा पाय मोडला तो बाकीच्यांनी नीट बसवला. आणि आग? पेटवल्यानंतर एकदाही विझू दिली नाही. सप्टेंबर 1966 मध्ये पीटर वॉर्नर या ऑस्ट्रेलियन कॅप्टनला ती सापडली तेव्हा सहाच्या सहा धडधाकट होती.

म्हणजे गोल्डिंग हरले का? मला तसं वाटत नाही. टोंगाची मुलं आधीपासून मित्र होती आणि सहाच होती. आपण हॉस्टेलमध्ये शेकड्याने असतो, आणि पहिल्या दिवशी कुणीच कुणाला ओळखत नसतं. कादंबरीत मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती सायमनच्या खुनानंतरच्या सकाळची. सगळे एकमेकांना सांगतात की नाच सुरू होता तेव्हा आम्ही लवकर निघून गेलो होतो. माझ्या एका मैत्रिणीच्या कॉलेजात (नाव देत नाही) फर्स्ट इयरच्या मुलीचं रॅगिंग झालं, ती शिक्षण सोडून घरी गेली. चौकशी झाली तेव्हा अख्खा मजला त्या रात्री झोपलेला होता म्हणे! महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 पासून आहे. कायदा म्हणजे शंखच. पण तो हातात घेऊन बोलणारं कुणी नसेल तर तो नुसता शोभेचा.

मिसच्या त्या प्रश्नाला आता मी उत्तर देऊ शकते. रात्री दोनला जागायची पाळी आधीच ठरलेली पाहिजे. आमच्या विंगमध्ये यंदा आम्ही तसं केलं. नव्या मुली आल्या की पहिला महिना दर रात्री दोन सिनिअर जाग्या राहतात, दार उघडं ठेवून. जर्नल लिहितात, मॅगी करतात, कुणी रडत आलं तर ऐकतात. फार मोठं काही नाही. पण अजून एकही मुलगी घरी परत गेलेली नाही.