खराटा आणि सहा नंबरची खोली

ठाण्यातलं आमचं कोलशेत म्हणजे एका बाजूला खाडी आणि कोळी-आगरी मंडळींची जुनी घरं, दुसऱ्या बाजूला बघता बघता उभे राहिलेले उंच टॉवर. या दोन्हींच्या मधे सहा खोल्यांची एक जुनी बैठी चाळ बरीच वर्षं बंद पडली होती. पत्रे गंजलेले, गिलावा सुटलेला, मोरीत झाड उगवलेलं. झोपडं गेल्यामुळे उघड्यावर आलेल्या काही कुटुंबांना तिथे वर्षभर राहू द्यायला चाळीचे मालक तयार झाले. अट एकच, दुरुस्ती आमची आम्ही करायची.

आम्ही म्हणजे कोण? बचत गटाच्या आणि भजनी मंडळाच्या काही बायका, कॉलेजची आठ-दहा मुलं, आणि दिवसाची मजुरी न घेता रविवारी येणारे एक वयस्कर गवंडी. ते मूळचे अमरावतीकडचे. पाच रविवार आम्ही राबलो. पत्रे बदलले, भिंतींना चुना मारला, नळ जोडला. शौचालयं मात्र दोनच होती आणि ती सगळ्यांनी मिळून वापरायची होती. पाच खोल्या कुणाला द्यायच्या ते ठरलं. सहाव्या खोलीसाठी एका कुटुंबाचं नाव आलं. त्या घरातला माणूस गटारं उपसायच्या कामावर जातो. नाव ऐकलं आणि आमच्यातल्या दोघी-तिघी गप्प झाल्या. मग हळूच एकीने सुचवलं की बाकीच्या कुटुंबांना नळ आणि शौचालय एकत्र वापरायला अवघड जाईल, त्यांची सोय दुसरीकडे बघू या.

मैत्रिणींनो, खोटं कशाला सांगू? मी काहीच बोलले नाही. समाजकार्य करते म्हणून चार लोकांत माझं नाव आहे, पण त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही.

पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तर गवंडीबाबा आमच्याआधी येऊन दोन्ही शौचालयं घासत होते. हे त्यांचं कामच नव्हतं. मी विचारलं, तर त्यांनी एवढंच सांगितलं की त्यांच्या गावाकडे गाडगेबाबांची रीत अशीच होती, आधी खराटा आणि मग बाकीचं. शाळेत आपण सगळ्याच गाडगेबाबांवरचा धडा शिकलोय. स्वच्छतेवर निबंध लिहिलेत. पण त्या दिवशी घरी गेल्यावर वाटलं, हा माणूस आपल्याला खरंच माहीत आहे का? वाचनालयातून त्यांचं चरित्र आणलं आणि दुपारच्या निवांत वेळात वाचत बसले.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचा. नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. घर परटाचं. वडील दारूच्या व्यसनापायी अकाली गेले आणि आई सखुबाई पोराला घेऊन दापुऱ्याला भावाच्या आश्रयाला गेली. म्हणजे स्वतःचं छप्पर जाणं काय असतं, हे डेबूला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. मामाच्या घरी त्याने गुरं राखली, नांगर धरला. शाळा मात्र कधी पाहिली नाही. पुढे सावकाराच्या कर्जात मामाची जमीन अडकली. कागदावर काय लिहिलंय ते वाचता न येणाऱ्या माणसाची कशी फसगत होते, ते डेबूने घरातच बघितलं. पुढे कीर्तनात कर्ज काढू नका, पोरांना शाळेत घाला हे ते इतक्या तळमळीने का सांगत, ते इथे कळतं.

१८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचं लग्न झालं. मुलीच्या बारशाला भाऊबंदांना दारू आणि मटणाचं जेवण घालायची त्यांच्याकडे पद्धत होती. डेबूजींनी ती मोडली आणि गोडाचं जेवण वाढलं. भाऊबंद रागावले. पण ज्या दारूने वडील नेले, ती आपल्या लेकीच्या बारशाला येऊ द्यायची नाही, यावर ते ठाम राहिले.

मग १ फेब्रुवारी १९०५ ला, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, त्यांनी घर सोडलं. इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. मागे आई, बायको, लहान लेकरं. आपल्यासारख्या संसारी बाईला हे सहज गिळता येत नाही, हो ना? ते मोठे होते म्हणून कुंताबाईंचं दुःख लहान होत नाही. त्यांनी जे सोसलं त्याचा हिशेब कुठल्याच चरित्रात पुरा लागत नाही, असं मला वाटतं. आधी ते मनाशी मान्य केलं आणि मगच पुढे वाचलं.

अंगावर चिंध्यांचं पांघरूण, डोक्यावर फुटक्या मडक्याचं गाडगं, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच आणि हातात खराटा. त्याच गाडग्यात ते भाकरी घ्यायचे, त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात शिरल्याबरोबर कुणाला न विचारता रस्ता झाडायला लागायचे. आधी लोक वेडा समजून हसायचे. मग एखादा लाजून हातात झाडू घ्यायचा, मग दुसरा. संध्याकाळपर्यंत अर्धा गाव झाडत असे. रात्री कीर्तन. त्यात बाबा लोकांनाच प्रश्न विचारायचे आणि त्यांच्याच तोंडून उत्तर काढून घ्यायचे. नवसाला बकरं कापणं, शिवाशीव, हुंडा, कर्ज काढून लग्न असल्या गोष्टींवर असे कोरडे ओढायचे की हसता हसता माणूस खाली मान घालायचा.

त्यांच्या बांधकामांची सुरुवातही याच पद्धतीने झाली. ऋणमोचनला पूर्णा नदीकाठी जत्रा भरायची. आंघोळीला उतरणारी म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बायका चिखलात घसरून पडायच्या. बाबांनी स्वतः फावडं उचललं. ते पाहून लोक येत गेले आणि १९०८ च्या सुमारास तिथे घाट उभा राहिला. आधी पैसे जमवू, समिती नेमू, मग बघू असं त्यांचं नव्हतं. काम सुरू झालेलं दिसलं की माणसं येतात, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुढचं काम म्हणजे धर्मशाळा. पंढरपूरला वारीच्या वेळी लाखो माणसं येतात. त्यातल्या सवर्णांना कुठे ना कुठे ओसरी मिळायची. पण त्या काळी ज्यांना अस्पृश्य मानत, त्या वारकऱ्यांनी जायचं कुठे? विठ्ठलाच्या मंदिराचं दारही त्यांना बंद होतं. ते उघडलं १९४७ मध्ये, सानेगुरुजींनी उपोषण केलं तेव्हा. बाबांनी त्याच्या कितीतरी आधी, १९१७ च्या सुमारास, पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधायला घेतली. देवाच्या दारात ज्यांना उभं राहू देत नव्हते, त्यांना निजायला हक्काची जागा आणि डोक्यावर छप्पर मिळालं. बाबा स्वतः मात्र पंढरपूरला जाऊन देवळात जात नसत, चंद्रभागेचं वाळवंट झाडत असत.

मग नाशिक, आळंदी, देहू, मूर्तिजापूर अशा धर्मशाळा होत गेल्या. कुठे अन्नछत्र, कुठे आंधळ्या-पांगळ्यांची सोय, कुठे मुलांसाठी वसतिगृह. देणगी देणारे शेठ बाबांच्या पायाशी यायचे, पण बाबा पाया पडू द्यायचे नाहीत आणि पैशाला हात लावायचे नाहीत. पैसा थेट कामाला जायचा आणि हिशेब विश्वस्तांकडे राहायचा.

शहरात दवाखान्यासाठी येणाऱ्या गरिबांचे हालही त्यांना दिसले. पेशंटला खाट मिळते, पण त्याच्यासोबत आलेली बायको, आई? त्यांनी फुटपाथवर चूल मांडायची का? म्हणून मुंबईत जे. जे. रुग्णालयातल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी १९५४ मध्ये धर्मशाळा झाली. बाबांच्या नावाची एक धर्मशाळा दादरलाही आहे. परळच्या टाटा रुग्णालयात उपचाराला येणारे कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांच्या घरची माणसं तिथे राहतात. ठाणे-कल्याणकडच्या आपल्यापैकी कुणीतरी कधीतरी नातेवाइकाला तिथे डबा नेऊन दिला असेल.

आता मला ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त हलवलं, ती सांगते. एवढ्या इमारती उभ्या केल्या, पण त्यातली एकही खोली बाबांनी स्वतःच्या नावावर ठेवली नाही. सगळ्या विश्वस्तांच्या हवाली केल्या आणि आपल्या नातेवाइकांचा त्यावर काही हक्क नाही हे स्पष्ट करून ठेवलं. कुंताबाई साध्या झोपडीतच राहिल्या. बाबा कोकणात असताना मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली, तरी त्यांनी कीर्तन थांबवलं नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, विद्यार्थ्यांच्या वसतिगृहासाठी. एवढ्या वर्षांच्या कष्टाची वास्तू हातातून सोडताना त्यांनी आपलं काही मागे ठेवलं नाही.

कामाची घडी नीट बसावी म्हणून १९५२ मध्ये गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. बाबांचा देह तोवर थकला होता, पण फिरणं सुटलं नव्हतं. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ वलगावच्या पेढी नदीच्या पुलावर, प्रवासातच बाबांनी देह ठेवला. घर सोडलेल्या माणसाला शेवटही वाटेवरच आला.

पुढे सरकारने २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं. अमरावती विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये शहरांना सांगितलं की दर एक लाख वस्तीमागे शंभर माणसं राहतील असा एक निवारा हवा. कागदावर हे सगळं छान आहे. पण निवारा बांधून झाल्यावर दारात कोण उभं राहणार आणि कुणाला आत घेणार, ते न्यायालय येऊन बघत नाही. ते तुम्ही-आम्हीच ठरवत असतो, आणि तिथेच आपली परीक्षा होते.

पुस्तक वाचून झालं त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण चुना मारला, पत्रे घातले, पण खोली कुणाला द्यायची याची किल्ली मुठीत घट्ट धरून बसलो. बाबांनी ज्यांच्यासाठी पहिली वीट लावली, त्यांनाच आम्ही दुसरीकडे पाठवायला निघालो होतो. आणि अवघड जाणार होतं ते कुणाला? बाकीच्या पाच कुटुंबांना आम्ही विचारलंच नव्हतं. अवघड आम्हाला जात होतं.

पुढच्या बैठकीत मी बोलले. आवाज थरथरत होता, पण बोलले. आधी त्या पाच घरांतल्या बायकांना विचारलं. त्यांच्यातल्या एकीनेही नाही म्हटलं नाही. उघड्यावर चार महिने काढलेल्या बाईला शेजारी कोण, यापेक्षा दाराला कडी आहे की नाही याची जास्त काळजी असते. सहा नंबरची खोली त्या कुटुंबाला मिळाली. शौचालय धुण्याच्या पाळ्या लावल्या आणि तिथे राहत नसले तरी पहिला आठवडा मी माझ्याकडे घेतला. पहिल्या दिवशी खराटा हातात घेतला तेव्हा आजूबाजूला कोण बघतंय, हे मी दोनदा पाहिलं. तिसऱ्या दिवशी पाहिलं नाही. आमच्या मंडळाच्या नावाची पाटी लावायची ठरली होती, ती मात्र रद्द केली. त्या पैशांत मोरीला नवी फरशी बसली.

सगळं गोड झालं असं नाही. आमच्यातली एक मैत्रीण त्यानंतर यायची थांबली. बाजारात भेटली तर हसते, पण पूर्वीसारखं थांबून बोलत नाही. मला त्याचं वाईट वाटतं. तिला दोष तरी कसा देऊ? एका रविवारपर्यंत मीही तिच्याच बाजूला गप्प बसले होते.

तुमच्या गावातही एखादी पडकी धर्मशाळा असेल, बंद पडलेलं समाजमंदिर असेल, आणि त्याच्याच भिंतीला टेकून प्लास्टिकखाली झोपणारं एखादं कुटुंबही असेल. दुरुस्तीला पैसा लागतो हे खरं. पण सुरुवातीला एक खराटा पुरतो. तो आधी कुणीतरी उचलावा लागतो, एवढंच.