वेष्टनामागचा माणूस

जेम्स बाँडचा जनक इयान फ्लेमिंग (१९०८–१९६४) मला अधिक भावतो तो संग्राहक म्हणून. जगाच्या विचाराला वळण देणाऱ्या ग्रंथांच्या पहिल्या आवृत्त्या त्याने १९३५च्या सुमारास पर्सी म्यूर या ग्रंथविक्रेत्याकरवी जमवायला घेतल्या. १९५३ साली ‘कसिनो रोयाल’ आली. तिच्या वेष्टनाची कल्पनाही त्याचीच. १९५७पासून रिचर्ड चॉपिंगने गुलाब, पिस्तूल, कवटी हुबेहूब रंगवली. छप्पन्नाव्या वर्षी फ्लेमिंग गेला. त्याचा संग्रह अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाच्या लिली ग्रंथालयात सुखरूप आहे. आज शौकीन त्याच्या कादंबऱ्यांच्या मूळ वेष्टनांसाठी मोठी किंमत मोजतात. आपण मात्र वेष्टन फाटले की रद्दीत टाकतो! टाकण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढेच माझे सांगणे.