हान्स बेर्गर : मनाचे माप घेऊ पाहणारा वैद्य

नलोपाख्यान (१८२८) आणि गीतगोविंद (१८३७) जर्मन काव्यात उतरविणारे फ्रीड्रिख ऱ्युकर्ट भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहेत. त्यांच्या कन्येचे पुत्र हान्स बेर्गर (१८७३–१९४१) हे मात्र वैद्यकाच्या इतिहासात अजरामर झाले. माणसाच्या मेंदूतील विद्युत् चलनवलनाचा आलेख प्रथम त्यांनी घेतला. तथापि त्यांचा मूळ शोध विजेचा नव्हता, मनाचा होता. हे ध्यानी घेतल्यावाचून त्यांच्या चरित्राची संगती लागत नाही.

बेर्गर यांचा जन्म कोबुर्गजवळील नॉइझेस येथे झाला. खगोलशास्त्रज्ञ होण्याच्या इच्छेने त्यांनी विद्यापीठात प्रवेश घेतला. पण सैनिकी सेवेत असताना ते घोड्यावरून तोफगाड्यासमोर पडले आणि थोडक्यात बचावले. त्याच दिवशी वडिलांची तार आली. दूर घरी असलेल्या बहिणीला भाऊ संकटात असल्याचे तीव्रतेने जाणवले होते. एका मनातील भय दुसऱ्या मनापर्यंत कसे पोहोचते, या प्रश्नाने त्यांना वैद्यकाकडे वळविले. १८९७ मध्ये ते येना येथील मनोरुग्णचिकित्सालयात दाखल झाले व निवृत्तीपर्यंत तेथेच राहिले.

ऊर्जा नष्ट होत नाही, या सिद्धान्तावर त्यांची भिस्त होती. रक्तातून मेंदूला मिळणाऱ्या ऊर्जेचा काही भाग उष्णता होतो, काही वीज. उरलेला भाग मानसिक ऊर्जा असला पाहिजे, असे त्यांचे गणित होते. म्हणून प्रथम त्यांनी रुधिराभिसरणाचे मापन केले. इटालियन शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो यांच्या पद्धतीने, कवटीला छिद्र असलेल्या रुग्णांच्या मेंदूचे स्पंदन त्यांनी नोंदविले. त्यावरील ग्रंथ १९०१ मध्ये निघाला. १९१० मध्ये मेंदूच्या तापमानावरील संशोधन प्रसिद्ध झाले. दोन्ही मार्गांनी अपेक्षित उत्तर मिळाले नाही.

उरली वीज. ६ जुलै १९२४ रोजी कवटीची शस्त्रक्रिया झालेल्या एका तरुण रुग्णावर गॅल्व्हानोमीटर लावून त्यांनी पहिला आलेख मिळविला. हे प्रवाह मेंदूचेच, की त्वचेचे वा रक्तवाहिन्यांचे, ही शंका फेडण्यात पाच वर्षे गेली. या काळात स्वतःच्या मुलाच्या मस्तकावरूनही त्यांनी नोंदी घेतल्या. १९२९ मध्ये पहिला निबंध प्रसिद्ध झाला. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसात सेकंदाला सुमारे दहा तरंग उमटतात आणि डोळे उघडताच ते मावळतात, हे त्यांनी दाखविले. जर्मनीत उपेक्षाच वाट्याला आली. १९३४ मध्ये केंब्रिजच्या एड्रियन व मॅथ्यूज यांनी पडताळणी केल्यावर जगाने त्यांची दखल घेतली. पुढे अपस्माराच्या निदानात हा मस्तिष्कालेख अनिवार्य ठरला.

१९३८ मध्ये ते निवृत्त झाले. १९४० च्या एका पुस्तिकेत त्यांनी बहिणीच्या त्या अनुभवाची हकीकत सांगितली. म्हणजे मूळ प्रश्न सुटलेला नव्हता. १९४१ मध्ये, खिन्नतेने ग्रासलेल्या अवस्थेत, त्यांनी आत्महत्या केली.

नाझी राजवटीने छळलेला शास्त्रज्ञ म्हणून त्यांचे चरित्र दीर्घकाळ सांगितले गेले. एकविसाव्या शतकातील संशोधनाने ते चित्र पालटले. मनोरुग्णांचे सक्तीने निर्बीजीकरण करण्याच्या प्रकरणांत निवाडा देणाऱ्या येना येथील वरिष्ठ न्यायालयात बेर्गर सदस्य म्हणून बसत होते. ज्या रुग्णांच्या मस्तकात त्यांनी मन शोधले, तशाच रुग्णांच्या भवितव्याचा निकाल देताना त्यांच्या मनाचा विचार झाला नाही.

१९९० नंतर रक्तातील प्राणवायूच्या बदलांवरून मेंदूच्या कार्याचे चित्र घेण्याची चुंबकीय पद्धती रूढ झाली आणि बेर्गर यांनी सोडलेला रक्तप्रवाहाचा मार्ग निराळ्या रूपाने फलद्रूप झाला. त्यांचा आलेख आजही इस्पितळांतून रोज घेतला जातो. त्याचे श्रेय त्यांना देताना न्यायासनावरील बेर्गर यांना वगळणे कोणाही चरित्रकाराला आता शक्य नाही.