फ्रेड टी. जेन
जॉन फ्रेडरिक थॉमस जेन (जन्म : रिचमंड, सरे, ६ ऑगस्ट १८६५, मृत्यू : साउथसी, पोर्ट्‌समथ, ८ मार्च १९१६) हे इंग्लिश चित्रकार, कादंबरीकार आणि नौदल अभ्यासक होते. जगातील युद्धनौकांची माहिती देणाऱ्या वार्षिक ग्रंथामुळे ते ओळखले जातात. त्या ग्रंथाचे मूळ मात्र त्यांनी रचलेल्या पटावरील युद्धखेळात आहे.

जीवन

जेन यांचे वडील धर्मोपदेशक होते. त्यांचे शिक्षण एक्सेटर येथे झाले. प्रकृतीच्या कारणाने नौदलात प्रवेश न मिळाल्याने त्यांनी चित्रकलेवर उपजीविका केली. जॉर्ज ग्रिफिथ यांच्या भविष्यकालीन युद्धांवरील कादंबऱ्यांसाठी त्यांनी चित्रे काढली, तसेच स्वतःही कादंबऱ्या लिहिल्या.

आरमारी युद्धखेळ

हा खेळ १८९८ मध्ये प्रसिद्ध झाला. चौकोन आखलेल्या पटावर जहाजांच्या लहान प्रतिकृती मांडल्या जात. एका चालीत जहाजाने किती अंतर कापायचे, हे त्याच्या प्रत्यक्ष वेगावरून ठरे. वादाचा निर्णय पंच देई.

तोफांच्या माऱ्याचा निर्णय फाशांवर सोपविणे जेन यांना मान्य नव्हते. त्यांच्या मते नेमबाजीत कौशल्याला वाव हवा होता. म्हणून खेळाडू टाचणी बसविलेल्या चपट्या फळीने शत्रूच्या जहाजाच्या कागदी चित्रावर प्रहार करी. टाचणी फळीच्या मध्यभागी नसल्याने नेम चुकण्याची शक्यता राही. अंतर जितके जास्त, तितके चित्र लहान असे. टाचणीचे छिद्र जेथे पडे, तेथे गोळा लागला असे मानत. तो गोळा तेथील चिलखत भेदू शकतो का, हे पाहून नुकसानीची नोंद होई.

खेळातून संदर्भग्रंथाकडे

या नियमांसाठी प्रत्येक जहाजाचा वेग, तोफा आणि चिलखताची जाडी ठाऊक असणे आवश्यक होते. ही माहिती जेन यांनी १८९८ मध्येच 'ऑल द वर्ल्ड्‌स फायटिंग शिप्स' या सचित्र ग्रंथात एकत्र केली. त्यातील रेखाचित्रे त्यांनी स्वतः काढली होती. तोफांची भेदनशक्ती आणि चिलखताचा प्रतिकार अक्षरांनी दर्शविलेला असल्याने खेळात दोहोंची तुलना सोपी होई. पुढे जहाजे ओळखण्यासाठी नौदल अधिकारीही हा ग्रंथ वापरू लागले आणि खेळाला पूरक असलेले पुस्तक खेळापेक्षा अधिक प्रसिद्ध झाले.

अन्य कार्य

जेन यांनी रशियन आणि जपानी नौदलांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले. 'हेरेसीज ऑफ सी पॉवर' (१९०६) या ग्रंथात त्यांनी सागरी सामर्थ्याविषयीच्या प्रचलित सिद्धान्तांवर आक्षेप घेतले. त्याच वर्षी पोर्ट्‌समथमधून अपक्ष म्हणून लढविलेल्या संसदेच्या निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. विमानांविषयीचा त्यांचा वार्षिक ग्रंथ १९०९ मध्ये निघाला.

मृत्यू

पहिले महायुद्ध चालू असताना वयाच्या पन्नासाव्या वर्षी जेन यांचे राहत्या घरी निधन झाले. तीन महिन्यांच्या आतच, ३१ मे १९१६ रोजी, जटलंडची लढाई सुरू झाली. ज्या प्रकारच्या आरमारी संघर्षासाठी त्यांनी पटावरील नियम बांधले होते, त्या प्रकारची ही महायुद्धातील सर्वांत मोठी लढाई त्यांना पाहता आली नाही. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा युद्धनौकांचा वार्षिक ग्रंथ त्यांच्यानंतरही प्रसिद्ध होत राहिला.